दोन इंचांचा तोरा

आज सरळ भांडणच काढतोय. विषय आहे लिफ्ट. सोसायटीतली नव्हे (तिच्यासाठी कमिटीशी भांडायचं ते वेगळं), गाडीची.

थार, जिम्नी, गुरखा, नाहीतर सेकंडहँड मेजर दारात आली की पहिलं सर्व्हिसिंग व्हायच्या आत एक प्रश्न हमखास येतो. "किती इंच करू?" दोन करू की चार? "कशासाठी?" हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि विचारलाच, तर ठरलेलं उत्तर तयार असतं : "राइड सुधारते रे. खड्डे कळतच नाहीत."

दिसायला भारी वाटते म्हणून केली, असं कुणी सांगितलं तर माझी काही तक्रार नाही. शौक आहे, पैसे तुमचे आहेत. पण राइडच्या नावावर हे खपवलं जातं तेव्हा डोकं फिरतं. लिफ्टने उंची वाढते. राइड स्प्रिंग, शॉकअप आणि टायर यांच्यावर ठरते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक वेळा पहिलीसाठी दुसरीचा बळी दिला जातो. त्यामुळे ठाण्यात राहून ऐरोलीला नाहीतर वागळे इस्टेटला कामावर जाणाऱ्या माणसासाठी लिफ्टची योग्य उंची किती, तर शून्य इंच. आता हे शून्य कसं आलं ते सांगतो.

आधी रिक्वायरमेंट बघू

आपण सगळे दिवसभर क्लायंटला हेच विचारतो ना, की बाबा तुला नक्की काय हवंय? मग स्वतःच्या गाडीला हा नियम का नाही? महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालते असं धरा. त्यातले वीस किलोमीटर खरोखर चिखलात, दगडात गेले, तर ते झाले दोन टक्के. (माळशेज घाट ऑफरोडमध्ये धरू नका. तो हायवे आहे. एसटी जाते तिथून.) उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे टेंभी नाक्याहून कोर्ट नाका, तिथून स्टेशनकडचा पहिल्या गियरमधला प्रवास, घोडबंदर रोड, गायमुख आणि डोंबिवलीकडे सासुरवाडी असेल तर शिळफाटा.

या रस्त्यावर अडचण कसली असते? खचलेले पेव्हर ब्लॉक, काँक्रीट आणि डांबराच्या मधल्या पायऱ्या, वर आलेली किंवा आत गेलेली गटारांची झाकणं, स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. आपल्याकडचे मानकाप्रमाणे नसतात हे मान्य. पण २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे आणि पाच दारांच्या जिम्नीचा २१०. म्हणजे मानकातल्या स्पीडब्रेकरच्या दुप्पट. २२६ मिलिमीटरची गाडी ज्या खड्ड्यात टेकेल त्याला खड्डा म्हणत नाहीत, त्यात दीड दिवसाचे गणपती विसर्जन करतात. तर शहरात गाडी खाली घासते म्हणून लिफ्ट हवी, हा मुद्दा इथेच निकालात निघाला.

राहिला राइडचा. तो जरा खोलात जाऊन बघू, कारण खरी थाप तिथेच आहे.

स्प्रिंगचं गणित

गाडीचं वजन स्प्रिंगवर पडलं की स्प्रिंग दबते. ती किती मिलिमीटर दबली, यावरून गाडीची बॉडी सेकंदाला किती वेळा वरखाली होणार ते काढता येतं. ढोबळ सूत्र असं : १५.८ भागिले दबलेल्या मिलिमीटरचं वर्गमूळ. उत्तर येतं हर्ट्झमध्ये. एक ते दीड हर्ट्झच्या आसपास माणसाला बरं वाटतं, कारण चालताना आपलं शरीर साधारण त्याच लयीत हलत असतं. चार ते आठ हर्ट्झच्या उभ्या हादऱ्यांना आपलं शरीर सगळ्यात जास्त वैतागतं. पोटातलं हलतं ते तिथे.

आता धरा की तुमची स्प्रिंग १५० मिलिमीटर दबलेली आहे. सूत्रात घाला : १.२९ हर्ट्झ. मस्त. आता तुम्हाला दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर गाडी उचलायची आहे आणि गॅरेजवाल्याने तितक्याच लांबीची पण कडक स्प्रिंग बसवली. तीच गाडी, तेच वजन, पण स्प्रिंग आता १०० मिलिमीटरच दबते. म्हणजे स्प्रिंग दीडपट कडक झाली आणि उत्तर आलं १.५८ हर्ट्झ. तुम्ही पैसे मोजून राइड खराब करून घेतली. हे मत नाही, शाळेतलं फिजिक्स आहे.

"पण आमच्याकडे कडक नाही बसवत, स्पेसर टाकतात!" ठीक आहे, स्पेसर बघू. तो दोन जागी बसतो.

१. स्प्रिंगच्या वर, शॉकअपच्या आत. यात स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, पण गाडी उभी असतानाच शॉकअप जास्त उघडलेला असतो. चाकाला खाली जायला समजा ९० मिलिमीटर जागा होती, त्यातली ५० तुम्ही आधीच खाल्ली. उरली ४०. आता ७५ मिलिमीटर खोल खड्डा आला की चाक खाली जाता जाता मधेच शॉकअप संपतो आणि 'ठाक्' असा लोखंडी आवाज येतो. लिफ्ट केलेल्या गाड्यांचा तो ओळखीचा आवाज हाच. खड्ड्यात चाक दगडावर आपटलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात चाक हवेत लटकलेलं असतं.

२. शॉकअपच्या अख्ख्या असेंब्लीच्या वर. यात स्प्रिंग आणि शॉकअप दोघंही आहेत तसेच काम करतात, म्हणून राइड फारशी बिघडत नाही. पण सुधारतही नाही! आणि खालचे आर्म, बॉल जॉइंट, सीव्ही जॉइंट हे कंपनीने ठरवलेल्या कोनापेक्षा तिरके होतात. चाक पूर्ण खाली लटकलं की कंपनीने कधीच न धरलेल्या जागी जातं. बूट फाटतात, ग्रीस उडतं, टायर एका बाजूने झिजतात. अलाइनमेंटवाला दर तीन महिन्यांनी तुम्हाला चहा पाजू लागतो.

तिसरा मार्ग प्रामाणिक आहे : तितकीच मऊ पण लांब स्प्रिंग, तिच्या जोडीला लांब शॉकअप, आणि बिघडलेले कोन दुरुस्त करणारे आर्म. जिम्नीसारख्या दोन्हीकडे अखंड एक्सल असलेल्या गाडीला लिफ्ट केली की पॅनहार्ड रॉडमुळे एक्सल एका बाजूला सरकतो, पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो आणि हायवेला स्टीअरिंग भटकायला लागतं. ते सगळं सरळ करायला सुटे भाग मिळतात. हे सगळं नीट केलं तर राइड चांगली लागू शकते. पण मग श्रेय कुणाचं? लांब आणि चांगल्या शॉकअपचं. उंची त्यात फक्त सोबत आली.

मग लोकांना फरक का वाटतो?

कारण त्यांनी एका वेळी चार बदल केलेले असतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेले मेलेले शॉकअप काढून नवे घातले, टायर मोठे घेतले, बुश बदलले आणि त्याच दिवशी लिफ्टही केली. गाडी बाहेर काढली, बरी चालली, आणि शाबासकी मिळाली लिफ्टला. एका कमिटमध्ये चार बदल ढकलायचे आणि बग कशाने गेला ते छातीठोक सांगायचं, असं ऑफिसात कुणी केलं तर आपण त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. इथे मात्र त्याचाच सल्ला घेऊन पुढचे दहा जण गॅरेज गाठतात.

आणखी एक गंमत. अरुंद, उभट प्लॅस्टिकचा स्पीडब्रेकर घ्या, ४० सेंटिमीटर रुंदीचा. ताशी २५ किलोमीटरने तुम्ही तो सेकंदाच्या सतराव्या भागात पार करता. इतक्या झटपट धक्क्याला अख्खी बॉडी उचलायला वेळच नसतो. तिथे काम करतात टायर, शॉकअप आणि चाकाचं स्वतःचं वजन. चाक-एक्सल यांची स्वतःची थरथर १०-१२ हर्ट्झच्या आसपास असते. लिफ्टबरोबर तुम्ही जाडजूड, जड टायर घातलेत तर ती आवरायला शॉकअपला जास्त मेहनत पडते, आणि तो अजूनही कंपनीने जुन्या वजनासाठी बनवलेलाच आहे. परिणाम : टेंभी नाक्यावर थरथर, हायवेला गरगर.

आणि ज्यांना खरोखर डोंगरात जायचंय त्यांच्यासाठीही एक कडू गोळी. थार, जिम्नी यांना मागे अखंड एक्सल आहे. त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा दगडाला आधी लागतो. सस्पेन्शन लिफ्टने बॉडी वर जाते, एक्सल आहे तिथेच राहतो! तुम्ही चार इंच उचला नाहीतर चौदा, गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरने वाढत नाही. ती वाढते फक्त टायरने, तीही टायरची उंची जितकी वाढेल त्याच्या निम्मी. थारचा २५५/६५ आर१८ टायर साधारण ३१ इंचांचा. त्याजागी ३३ घातला तर गोळा एक इंच वर जातो. आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना तुम्ही ८५ ने पळत असता, तो बोनस.

खुद्द कारखानदार काय करतात?

थार येते नाशिकहून. २०१० च्या थारला मागे पाटे होते आणि मागच्या बाकावर बसलेला पाहुणा पुन्हा येत नसे. २०२० मध्ये पाटे जाऊन मागे मल्टिलिंक आणि कॉइल स्प्रिंग आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉक्स आली तेव्हा व्हीलबेस २४५० वरून २८५० मिलिमीटर झाला, मागे वॅट्स लिंकेज आलं, आणि हादऱ्याच्या वेगाप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉकअप आले. म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरांना राइड सुधारायची होती तेव्हा त्यांनी लिंकेज बदलली, शॉकअप बदलले, चाकांमधलं अंतर वाढवलं. कुणी स्पेसरचं पाकीट उघडलं नाही. त्यांच्याकडे टेस्ट ट्रॅक आहेत, सेन्सर आहेत, आणि आपल्यापेक्षा बरीच अक्कल आहे असं मी धरून चालतो.

आता जरा गंभीर

राइड बिघडली तर कंबर तुमची दुखेल, तो तुमचा प्रश्न. पण उंचीची किंमत फक्त तुम्ही मोजत नाही.

गाडी वळणावर उलटायला किती तयार आहे याचं एक साधं माप आहे : दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची. पुढच्या चाकांमधलं अंतर १५२० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर धरा. उत्तर १.०९. गुरुत्वमध्य दोन इंच वर गेला की १.०१. चार इंचाला ०.९५. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या आकड्यांप्रमाणे साध्या कारचं हे माप १.३ ते १.५ असतं आणि एसयूव्हीचं १.० ते १.३. म्हणजे या गाड्या मुळातच काठावर उभ्या आहेत, आणि आपण शनिवारी दुपारी पाना घेऊन त्यांना काठाबाहेर ढकलतो. मागे आई-बाबा बसलेले असतात. २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये थारला चार तारे मिळाले, ते कंपनीच्या उंचीच्या गाडीला. तुमच्या गाडीचे तारे गॅरेजच्या दारातच गळून पडले. घसरणारी गाडी सावरणारं ते इलेक्ट्रॉनिक प्रकरणही कंपनीच्या उंचीवर आणि कंपनीच्या टायरवर शिकलेलं असतं.

बाहेरच्या माणसाचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांपेक्षा जास्त आहे अशा गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंत बॉनेट असलेल्या गाड्यांपेक्षा साधारण ४५ टक्के जास्त दिसली. कारण उघड आहे. खालचं बॉनेट पायाला लागतं, उंच बॉनेट छातीला आणि डोक्याला. पोराच्या बाबतीत तर सरळ डोक्यालाच. आता टेंभी नाका डोळ्यांसमोर आणा. फुटपाथ नावापुरता, शाळा सुटलेली, रिक्षाच्या मागून अचानक निघणारी आजी. नवरात्रात देवीच्या दर्शनाला आणि दहीहंडीला लोटणारी गर्दी. चार इंच उचललेल्या गाडीच्या बॉनेटसमोर उभं असलेलं पाच वर्षांचं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही. ही गाडी चिखलासाठी बनवली असेल, पण ती रोज उभी राहते ती या गर्दीत.

हेडलाइटचंही तेच. गाडी वर गेली, पुढून जास्त उचलली असेल तर दिव्यांचा कोनही वर गेला. लिफ्टनंतर हेडलाइट खाली सेट करून घेणारे किती भेटलेत तुम्हाला? घोडबंदरला रात्री समोरून येणाऱ्या बाइकवाल्याला विचारा, तो नीट सांगेल. (मराठीत सांगेल, आणि छापण्यासारखं नसेल.)

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-०४ वाल्यांना अडवत नाहीत म्हणून चालतंय, असं असेल तर तो युक्तिवाद नाही, नशीब आहे. आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा नशीब कामाला येत नाही.

दुसरी बाजू

लिफ्ट कधीच नको असं मी म्हणत नाही. पुढे लोखंडी बंपर आणि विंच लावलीत, शंभरेक किलो वाढले आणि नाक खाली आलं, तर ती उंची परत मिळवायला थोडी कडक स्प्रिंग लावणं अगदी बरोबर आहे. वजन वाढलं, त्या प्रमाणात स्प्रिंग वाढली, हर्ट्झ जवळपास तेच राहिले. मोठा टायर चाकाच्या खोबणीला घासत असेल तर एक-दीड इंचाची गरज समजू शकतो. आणि २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्यांचं गणितच वेगळं. त्यांना समोरच्या चढाला नाक टेकू नये म्हणून अप्रोच अँगल हवा, गाडीचं पोट अडकू नये म्हणून उंची हवी. राइडचं नाव ते काढत नाहीत. ते खरं सांगतात, म्हणून त्यांच्याशी भांडण नाही.

भांडण आहे ते "चार इंच केली, आता खड्डे कळत नाहीत" म्हणणाऱ्याशी. बाबा रे, तुला खड्डे कळत नाहीत कारण तू आता जास्त हळू चालवतोस. गाडी वळणावर झुकते म्हणून.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी फुकटातला उपाय. टायरमधली हवा थंड असताना मोजा आणि दाराच्या चौकटीवर जो आकडा आहे तेवढीच ठेवा. पंपावरचा पोऱ्या सवयीने दोन-चार पीएसआय जास्त मारतो आणि आपण सस्पेन्शनला शिव्या घालतो. खऱ्या चिखलात गेलात की हवा १८-२० पर्यंत उतरवा. पकडही वाढते आणि दगड मऊ लागतात. डांबरावर यायच्या आधी परत भरा, म्हणजे डिकीत छोटा कंप्रेसर हवा. लिफ्ट किटच्या किमतीच्या तुलनेत तो चिल्लर आहे.

मग बुश आणि शॉकअप तपासा. गेलेले असतील तर चांगले घाला आणि महिनाभर फक्त तेवढाच बदल घेऊन चालवा. जिथे शॉकअपचा दांडा दिसतो तिथे एक झिप टाय बांधा. आठवड्याने बघा ती किती सरकली. तुमची गाडी दबताना खरोखर किती ट्रॅव्हल वापरते याचा याहून स्वस्त लॉग नाही. मग जॅक लावून चाक लटकवा आणि खाली किती जागा आहे ते टेपने मोजा. झिप टाय रबरी स्टॉपपर्यंत गेलीच नसेल तर तुम्हाला जास्त उंची कशाला हवी आहे, हे स्वतःलाच विचारा.

एवढं करूनही गाडी खरंच कुठेतरी टेकत असेल, तर कुठे टेकते ते लिहून काढा. गोळा टेकतो? टायर बघा. पोट टेकतं? स्किड प्लेट लावा. नाक टेकतं? बंपर बदलायचा विचार करा. यातल्या कशानेच भागलं नाही तर दीड इंच, फार तर दोन. शॉकअपसकट, आर्मसकट, हेडलाइटसकट, आणि परिवहन कार्यालयात आधी विचारून. चारचा विषयच काढू नका. तेवढी लागत असेल तर ती वेगळी गाडी ठेवा आणि ट्रेलरवर टाकून न्या.

आणि एक साधी चाचणी. साठीच्या पुढच्या घरातल्या कुणालाही मागच्या बाकावर बसवा आणि टेंभी नाक्याहून गायमुखपर्यंत चक्कर मारा. उतरल्यावर त्यांना विचारा राइड कशी होती. त्यांना सुपारीएवढा स्पेसर माहीत नसतो, अप्रोच अँगल माहीत नसतो. ते गुडघ्यावर हात ठेवून खरं काय ते सांगतात. किती इंच करायची, याचा निर्णय त्या उत्तरानंतर घ्या.

असो. ज्यांना पटलं नाही त्यांनी आकड्यांनिशी भांडायला यावं, नुसता फोटो दाखवू नये.